मायामीने ओहतानीला दिलेली दाद गद्दारी होती का?

खाडीकाठ

परवा क्रिकेटच्या धाग्यावर बेसबॉलचा विषय निघाला आणि एकाने लिहिलं, "मायामीच्या प्रेक्षकांना लाज वाटायला हवी होती. घरचा संघ २०-४ असा तुडवला जातोय आणि हे पाहुण्याच्या नावाचा जप करताहेत." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढते आहे. मी दक्षिण फ्लोरिडात राहते, मार्लिन्स या मायामीच्या बेसबॉल संघाचे सामने बघायला जाते आणि १९ सप्टेंबर २०२४ च्या त्या सामन्यालाही होते. पाहुण्या लॉस एंजेलिस डॉजर्स संघाच्या शोहेई ओहतानीसाठी मीही उभी राहून टाळ्या वाजवल्या. त्यात मला काहीही गैर वाटत नाही.

बेसबॉलशी फारसा संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात. होमरन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे, मारायला ताकद लागते आणि बेस, म्हणजे धावताना गाठायचे टप्पे, चोरायला चपळाई. पिचर चेंडू टाकायच्या बेतात असताना धावकाने पुढच्या बेसवर धूम ठोकायची, याला बेस चोरणं म्हणतात. एका हंगामात या दोन्ही गोष्टी चाळीस-चाळीस वेळा करणारे ओहतानी धरून फक्त सहा जण झाले. त्यांतला पहिला होजे कॅन्सेको, १९८८ साली, आणि तो मायामीत वाढलेला. पन्नास-पन्नास मात्र कुणालाच जमलं नव्हतं. डॉजर्सचा शोहेई ओहतानी त्या गुरुवारी मैदानात उतरला तेव्हा त्याचे ४८ होमरन आणि ४९ चोऱ्या झाल्या होत्या.

नऊ इनिंगपैकी पहिल्याच इनिंगमध्ये डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारून त्याने तिसरा बेस चोरला. दुसऱ्या इनिंगमध्ये आणखी एक चोरी. सहाव्यात ४९वा होमरन, सातव्यात पन्नासावा. नवव्यात ५१वा, आणि तो तर मार्लिन्सने हात टेकून पिचिंगला उभ्या केलेल्या विदाल ब्रुहानला, जो पिचर नव्हेच. सहा वेळा बॅटिंगला आला, सहाही वेळा हिट, तीन होमरन, दहा धावा आत आणल्या. एका माणसाचा एका दिवसातला असा खेळ बेसबॉलच्या दीडशे वर्षांत दुसरा सापडणं कठीण आहे, असं मी जबाबदारीने म्हणते.

पण मला लिहायचंय ते सातव्या इनिंगबद्दल. दोन आउट झाले होते, पहिला बेस रिकामा होता. अशा वेळी मॅनेजरला सोपी वाट असते, इंटेन्शनल वॉक. बॅटरला फुकटात पहिला बेस द्यायचा आणि पुढच्या कमी धोक्याच्या बॅटरला गाठायचं. २०१७ पासून त्यासाठी चार चेंडूही टाकावे लागत नाहीत, डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेतून, हात केला की झालं. मार्लिन्सचा मॅनेजर स्किप शुमाकर याने हात केला नाही. नंतर त्याने सांगितलं की सामना चुरशीचा असता तर बहुधा वॉक दिला असता, पण इतक्या धावांनी मागे असताना तसं करणं खेळाच्या दृष्टीने, कर्माच्या दृष्टीने आणि बेसबॉलच्या देवांच्या दृष्टीने वाईट ठरलं असतं. माइक बाउमनने चेंडू टाकला आणि तो डावीकडच्या प्रेक्षकांत जाऊन पडला.

माझ्या पुढच्या रांगेत मार्लिन्सची पूर्वीची मोरपंखी टोपी घातलेले एक क्यूबन आजोबा बसले होते. सहा इनिंग ते आमच्या पिचरांना स्पॅनिशमधून सल्ले देत होते, कपाळाला हात लावत होते. चेंडू गेला तसे ते उठले, टोपी काढली आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवायला लागले. टोपी परत डोक्यावर चढवताना त्यांनी ती फिरवून त्यावरचा मार्लिन मासा पुढे येईल अशी नीट बसवली. सगळ्या स्टेडियममध्ये एमव्हीपीचा (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) गजर चालला होता, ओहतानी डगआउटमधून बाहेर येऊन अभिवादन करत होता. या माणसाला गद्दार म्हणणाऱ्याने आधी त्याच्या पदरात काय पडलंय ते बघावं.

मार्लिन्स १९९७ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाचं विजेतेपद, जिंकले. मालकाने लगेच खेळाडू विकायला काढले आणि पुढच्याच वर्षी संघ १०८ सामने हरला. २००३ मध्ये पुन्हा जिंकले. त्या संघातला पोरगेला मिगेल काब्रेरा २००७ च्या डिसेंबरात डेट्रॉइटला गेला आणि २०१२ मध्ये तिथे ट्रिपल क्राउन (बॅटिंगच्या तिन्ही मुख्य आकड्यांत पहिला नंबर) जिंकला. त्याच २०१२ मध्ये बहुतांश सार्वजनिक पैशातून बांधलेलं नवं स्टेडियम उघडलं, आणि पहिला हंगाम संपतो न संपतो तोच होजे रेयेस, मार्क बर्ली, जॉश जॉन्सन अशी नावं टोरंटोला देऊन टाकली. जियानकार्लो स्टँटनने २०१७ मध्ये ५९ होमरन मारले, एमव्हीपी झाला, त्याच डिसेंबरात न्यूयॉर्क यँकीजला. क्रिस्टियन येलिच पुढच्या जानेवारीत मिलवॉकीला, आणि त्याच वर्षी तिकडे एमव्हीपी. २०२४ मध्ये हंगाम सुरू होऊन दीड महिना होत नाही तोच लुईस अराएझ सॅन डिएगोला.

ज्या गावातून मोठा होणारा प्रत्येक खेळाडू नेला जातो, त्या गावाने मोठेपण बघायचं कुठे? पाहुण्या डगआउटमध्येच. त्या टाळ्या ओहतानीसाठी होत्या हे खरंच, पण मालकांच्या खोलीपर्यंत त्या ऐकू जाव्यात असंही आम्हाला वाटत होतं. आम्हाला असं काहीतरी बघायचंय, आणि तुम्ही ते आम्हाला देत नाही.

माझी मर्यादा एकच आहे. विरोधकाला दाद जरूर द्या, पण त्याला वॉक दिला म्हणून आपल्या पिचरची हुर्यो उडवू नका. वॉक पिचर देत नाही, मॅनेजर देतो. तुम्हाला काय वाटतं?

फिलीकर

धागा चांगला आहे, पण मूळ मुद्दा पटला नाही. मी बरीच वर्षं फिलाडेल्फियात आहे आणि इथे कुणी घरच्या मैदानावर पाहुण्याच्या तिसऱ्या होमरनला उभं राहून टाळ्या वाजवल्या तर शेजारचा माणूस त्याला खाली बसवेल. त्यात मला संकुचितपणा दिसत नाही. संघावर जीव लावणं म्हणजे ते तीन तास जगाकडे एकाच बाजूने बघणं. ओहतानीचं कौतुक घरी जाऊन करावं, दुसऱ्या दिवशी ऑफिसात करावं.

आणि दाद द्यायचीच असेल तर ती कुणाला द्यावी याचं उदाहरण आमच्याकडे आहे. २०२३ मध्ये ट्रे टर्नर ११ वर्षांचा ३० कोटी डॉलरचा करार घेऊन आला आणि त्याची बॅट चालेना. हे शहर आपल्याच खेळाडूंची हुर्यो उडवण्यासाठी बदनाम आहे. पण ऑगस्टमध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध तो बॅटिंगला आला तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहिलं. कारण काहीच नव्हतं, त्याने काही केलेलं नव्हतं, त्याला गरज होती एवढंच. त्यानंतर उरलेला हंगाम तो असा खेळला की बघत राहावं. उभं राहून वाजवलेल्या टाळ्या ही मोठी गोष्ट आहे, ती आपल्या माणसासाठी राखून ठेवावी.

निरंजना

मला बेसबॉलचं काही कळत नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. एक शंका. वॉक नियमात आहे, मॅनेजरचा हक्क आहे, तर दिला म्हणून लोक चिडतात कशाला? क्रिकेटमध्ये एखाद्याला एकेरी धाव देऊन पलीकडच्या टोकाला पाठवतात, तेव्हा कुणी दंगा करत नाही.

तोक्योत_पुणेकर

@निरंजना, तिकडे बॅटरला निदान बॅट फिरवता येते. इथे त्याच्या हातून खेळच काढून घेतला जातो. लोक किती चिडतात ते बघायचं असेल तर जपानमधला १९९२ चा कोशिएनचा सामना बघा. मी इथे जपानी भाषेच्या जोरावर नोकरीला आलो आणि ऑफिसातल्या पन्नाशीच्या प्रत्येक माणसाकडून हा सामना ऐकलाय.

कोशिएन म्हणजे शाळांची राष्ट्रीय स्पर्धा, उन्हाळ्यात सगळा देश टीव्हीसमोर असतो. इशिकावाच्या सेइर्यो शाळेचा हिदेकी मात्सुई हा शाळकरी पोरगा असा मारायचा की जपानमधल्याच कोचीच्या मेइतोकु गिजुकु शाळेच्या कोचने ठरवूनच टाकलं, याला एकही चेंडू खेळू द्यायचा नाही. पाच वेळा मात्सुई बॅटिंगला आला, पाचही वेळा वॉक. पाचव्या खेपेला लोकांचा तोल सुटला. स्टँडमधून मेगाफोन आणि हाती लागेल ते मैदानात आलं, "घरी जा"च्या घोषणा झाल्या. सेइर्यो ३-२ ने हरली. मात्सुईने एकदाही बॅट फिरवली नाही आणि एकदाही कुणाकडे रागाने बघितलं नाही. बॅट खाली ठेवायची आणि पहिल्या बेसकडे निघायचं, बस.

जिंकलेल्या मुलांचे हाल बघवत नव्हते असं माझे सहकारी सांगतात. म्हणून पिचरची हुर्यो उडवू नका या खाडीकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याला माझं शंभर टक्के अनुमोदन. निर्णय कोचचा आणि शिव्या खाल्ल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनी.

जपानी बेसबॉलला या बाबतीत आणखी एक डाग आहे. सादाहारू ओहचा एका हंगामातला ५५ होमरनचा विक्रम परदेशी खेळाडूने मोडू नये म्हणून १९८५ मध्ये रँडी बासला ५४ वर असताना शेवटच्या सामन्यात वॉकमागून वॉक दिले. समोरच्या संघाचा मॅनेजर खुद्द ओह होता. २००१ मध्ये टफी रोड्स ५५ वर पोहोचला आणि त्याच्याबाबतीतही तेच झालं. शेवटी २०१३ मध्ये व्लादिमिर बालेंतिनने ६० मारले आणि तो विषय संपला. शुमाकरचा निर्णय किती मोठा होता हे या पार्श्वभूमीवर कळतं.

जुना_हूस्टनकर

आमच्या हूस्टनच्या लोकांनी आपल्याच संघाची हुर्यो उडवली होती, त्या गर्दीत मी होतो, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

ऑक्टोबर २००१. अकरा सप्टेंबरनंतर हंगाम आठवडाभर थांबला होता, म्हणून सगळं पुढे सरकलेलं. सॅन फ्रान्सिस्कोचा बॅरी बाँड्स मार्क मॅग्वायरच्या एका हंगामातल्या ७० होमरनच्या विक्रमामागे लागलेला आणि तीन सामन्यांसाठी आमच्याकडे आलेला. आमचा अॅस्ट्रोस संघ सेंट लुइसशी पहिल्या क्रमांकासाठी झुंजत होता, एकेक सामना मोलाचा. मॅनेजर लॅरी डर्कर होता. तीन सामन्यांत आमच्या पिचरांनी बाँड्सला आठ वॉक दिले. सामना चुरशीचा असताना दिलेल्या वॉकबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती. पण तिसऱ्या दिवशी सामना हातचा गेला होता, तरी वॉक दिला, तेव्हा आमचे लोक उठून ओरडायला लागले. आमचे, अॅस्ट्रोसचे शर्ट घातलेले लोक.

नवव्या इनिंगला डर्करने विल्फ्रेदो रोड्रिगेझ नावाच्या व्हेनेझुएलाच्या पोराला पाठवलं. पोरगा अगदी नवखा, वेगाने टाकणारा. त्याने आडवळण घेतलं नाही, बाँड्सला सरळ खेळता येईल असा चेंडू टाकला. बाँड्सने तो उजवीकडे वर भिरकावला, ७०वा. त्या गोंगाटात मीही होतो. आम्ही १०-२ असे हरलो आणि स्टेडियममध्ये जत्रा भरल्यासारखं वातावरण होतं.

तो रोड्रिगेझ मेजर लीगमध्ये एकूण दोनच सामने खेळला. लोकांना बाँड्स आठवतो, मला हल्ली तो पोरगाच जास्त आठवतो. त्या तीन दिवसांत बाँड्सला खरोखरचा चेंडू टाकायची हिंमत ज्याने केली त्याच्या वाट्याला आमच्यापैकी कुणाच्याही टाळ्या आल्या नाहीत. खाडीकाठ, मायामीत बाउमनसाठी कुणी टाळ्या वाजवल्या का?

खाडीकाठ

@जुना_हूस्टनकर, नाही वाजवल्या. मीही नाही. वाजवायला हव्या होत्या. शुमाकरचं नाव सगळ्यांनी घेतलं, पण चेंडू बाउमनच्याच हातात होता.

@फिलीकर, टर्नरची गोष्ट मला ठाऊक होती आणि ती मला फार आवडते. पण टर्नरकडे अकरा वर्षांचा करार आहे. तुमच्या लोकांना माहीत होतं की हा माणूस आपल्याकडेच राहणार आहे. आम्ही स्टँटनला तेरा वर्षांच्या करारावर सही करताना पाहिलं होतं, २०१४ मध्ये, ३२.५ कोटी डॉलर. तीन वर्षांनी तो गेला. टाळ्या कुणासाठी राखून ठेवायच्या हे आम्ही कसं ठरवायचं?

बे_एरिया_काका

एक व्यावहारिक मुद्दा. त्या दिवशी मायामीत जेमतेम पंधरा हजार लोक होते आणि त्यांतले डॉजर्सच्या निळ्या शर्टातले किती? जपानहून आलेले किती? टीव्हीवर तर जपानी झेंडेही दिसत होते. मग "घरच्या प्रेक्षकांनी" दाद दिली म्हणणं कितपत बरोबर? जिथे घरचे लोक तिकीट काढत नाहीत तिथे पाहुणे येऊन बसतात. ओकलंडमध्ये मी हे वर्षानुवर्षं बघितलंय, यँकीज आले की निम्मं स्टेडियम न्यूयॉर्कचं.

खाडीकाठ

@बे_एरिया_काका, मुद्दा योग्य आहे. निळे शर्ट खूप होते, माझ्या उजव्या हाताला ओसाकाहून आलेलं एक कुटुंब होतं. पण मार्लिन्सच्या शर्टातले लोकही उभे होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ते बसून राहिले असते तर हा धागाच निघाला नसता.

कोलिझियमचा_पोरगा

काका, ओकलंडचं नाव काढलंत म्हणून लिहितो. माझा जन्म इथलाच, मराठी घरात शिकलो, टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

पाहुण्याला टाळ्या वाजवणं आणि घरच्या संघावर रुसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला वाटायचं. आता वाटत नाही. १३ जून २०२३ ला आम्ही "उलटा बहिष्कार" केला. रोज पाच-सात हजार लोक यायचे तिथे त्या मंगळवारी २७,७५९ आलो, संघ शहराबाहेर नेऊ पाहणाऱ्या मालकाला दाखवायला की लोक आहेत, तुम्हीच नाही. हिरवे शर्ट घातले, "विकून टाक" म्हणून ओरडलो. संघ जिंकला त्या रात्री. उपयोग झाला नाही. २६ सप्टेंबर २०२४ ला कोलिझियम या आमच्या स्टेडियममधला शेवटचा सामना झाला, ४६,८८९ लोक होते, आणि संघ सॅक्रामेंटोला गेला.

म्हणजे मायामीच्या त्या सामन्यानंतर बरोबर एका आठवड्याने. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओहतानी आमच्याकडे खेळून गेला होता. एका सामन्यात होमरन आणि तीन चोऱ्या. माझ्या आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवत होते आणि मी पण. काही आठवड्यांत ज्याचा संघच राहणार नाही त्याने कुणाशी निष्ठा ठेवायची? खेळाशीच ठेवली मी.

चर्चगेट_फास्ट

वानखेडेचा विषय निघाल्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही. खाडीकाठ यांनी जी रेघ ओढली आहे ना, दाद द्या पण आपल्या माणसाची हुर्यो उडवू नका, तिच्या दोन्ही बाजू वानखेडेने दाखवल्या आहेत.

चांगली बाजू: डिसेंबर २०२१, न्यूझीलंडचा एजाज पटेल. मुंबईत जन्मलेला, आठव्या वर्षी आईवडलांबरोबर गेलेला. भारताच्या दहाच्या दहा विकेट काढल्या, ११९ धावांत. जिम लेकर आणि अनिल कुंबळे यांच्यानंतर तिसरा. आपला संघ ३२५ ला आटोपला होता तरी लोक उभे राहिले. मी त्या दिवशी तिथे होतो आणि एकाही माणसाला त्यात गद्दारी वाटली नाही.

वाईट बाजू: एप्रिल २०२४. रोहितचं कर्णधारपद हार्दिक पंड्याला दिलं म्हणून मुंबईच्याच मैदानावर मुंबईच्याच कर्णधाराची हुर्यो. नाणेफेकीला संजय मांजरेकरांना लोकांना सभ्यपणे वागा म्हणून सांगावं लागलं. दोन आठवड्यांनी चेन्नई आली. शेवटच्या षटकात हार्दिकला धोनीने लागोपाठ तीन षटकार मारले आणि वानखेडे पेटून उठलं. चार चेंडूंत वीस धावा, आणि मुंबई हरली ती बरोबर वीस धावांनी. धोनीसाठी ओरडले त्याचं मला काही नाही, मीही चित्कारलो असेन. पण त्या ओरडण्यात हार्दिकची जिरली याचा आनंद मिसळलेला होता. तो मला आजही खुपतो. निर्णय मालकांचा, भोगलं खेळाडूने. कोशिएनच्या पोरांसारखंच.

फिलीकर

@चर्चगेट_फास्ट, एजाज पटेलच्या वेळी मी टीव्हीसमोर उभा राहिलो होतो, हे मान्य करतो. पण ते कसोटी क्रिकेट आहे आणि तो मुंबईचा मुलगा. घरी आलेल्याचं कौतुक वेगळं.

बॉस्टनचं उदाहरण कुणी दिलं नाही याचं आश्चर्य वाटतं. २८ सप्टेंबर २०१४, यँकीजच्या डेरेक जीटरचा शेवटचा सामना, आणि तो बॉस्टनच्या फेनवे पार्कवर. यँकीज आणि बॉस्टनच्या रेड सॉक्सचं वैर सांगायला नको. बॉस्टनने आपले जुने दिग्गज बोलावले, यास्ट्रेमस्की, बॉबी ऑर, असे. जीटरने इन्फिल्डमध्येच एक उंच टप्पा घेणारा चेंडू मारून एक धाव मिळवून दिली, त्याच्या जागी पळायला ब्रायन मॅककॅन आला आणि फेनवे जीटरच्या नावाने घुमलं. हे मला समजतं, आयुष्यभर आपल्याला छळणारा शत्रू निवृत्त होतोय, त्याला मानाने निरोप. ओहतानीचं मायामीशी असं काय नातं होतं? काही नाही. तो विक्रम करत होता एवढंच.

खाडीकाठ

@फिलीकर, तोच जीटर नंतर मार्लिन्सच्या मालकांपैकी एक आणि सीईओ झाला. स्टँटन आणि येलिच त्याच्याच कारकिर्दीत गेले. बॉस्टनने त्याला दिलेला निरोप सुंदर होता, मी बघितलाय. पण आमचं त्याच्याशी नातं होतं आणि ओहतानीशी नव्हतं, तरी मायामीकरांना विचारलंत तर टाळ्या कुणासाठी वाजतील याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

जुना_हूस्टनकर

एक राहिलं. बाँड्सला दिलेली दाद पुढे अनेकांना डाचली, स्टेरॉइडचं प्रकरण बाहेर आल्यावर. २००७ मध्ये त्याने हँक अॅरनच्या कारकिर्दीतल्या ७५५ होमरनची बरोबरी सॅन डिएगोत केली तेव्हा टाळ्या आणि हुर्यो एकदमच ऐकू आल्या. मला मात्र २००१ च्या टाळ्यांबद्दल पश्चात्ताप नाही. आम्ही जे पाहिलं त्याला दाद दिली, जे माहीत नव्हतं त्याला नाही.

मुरूम_मैदान

मी बेसबॉल बघत नाही, पण सॉफ्टबॉल खेळले आहे, पिचर होते. जळगावकडच्या शाळांमध्ये तेव्हा मुलींच्या सॉफ्टबॉलला फार चांगले दिवस होते, मैदान मुरमाचं, घसरलं की गुडघा सोलणारच. तुम्ही सगळे प्रेक्षकांकडून बोलताय, मी पिचर उभी राहते त्या मधल्या वर्तुळातून सांगते.

जिल्ह्याबाहेरची एक टीम आमच्याकडे खेळायला आली होती. त्यांची एक डावखुरी मुलगी असा फटका मारायची की आमच्या आउटफिल्डच्या मुली आधीच मागे सरकून उभ्या राहायच्या. सरांनी सांगितलं, हिला वॉक दे. चार चेंडू बाहेर टाकायचे, कॅचर बाजूला सरकून उभी. पहिला टाकला तेव्हाच आमच्या शाळेच्या पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या. तिसऱ्या चेंडूला "घाबरली रे" सुरू झालं. त्यात माझ्या वर्गातले होते, माझा चुलतभाऊ होता. चेंडू हातातून सुटताना बोटं ओली झालेली कळत होती. मी घाबरले नव्हते. मला ती मुलगी हवी होती, तिला आउट करायचं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. पिचरला बोलता येत नाही, सगळे तिच्याकडे बघत असतात आणि तिला फक्त टाकायचं असतं.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी सरांकडे बघितलं आणि मान हलवली. सर थोडे घुटमळले, मग हो म्हणाले. दोन स्ट्राइक काढले मी तिच्यावर, तिसरा मिळाला की ती आउट. पुढचा चेंडू तिने कुंपणापलीकडे घालवला. आणि आमचीच पोरं तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लागली. तुम्हाला खोटं वाटेल, मला त्या टाळ्यांचा अजिबात राग आला नाही. त्यांत माझ्या दोन स्ट्राइकचाही वाटा होता असं वाटलं. शिट्ट्यांचा राग मात्र अजून गेलेला नाही.

फिलीकर

मुरूम_मैदान, हे वाचून गप्प बसलो. मी घरच्या मैदानावर पाहुण्यासाठी उभा राहणार नाही, ते माझं मत कायम आहे. पण आमच्याकडे वॉकला जो गलका होतो त्यात इथून पुढे मी नसेन. आमच्या पिचरला काय ऐकू येत असेल याचा असा विचार मी केला नव्हता.

निरंजना

मुरूम_मैदान ताई, तुम्ही आता खेळता का? आणि त्या सरांना लोक कधी काही बोलले का?

मुरूम_मैदान

@निरंजना, सरांना कुणी काही बोललं नाही, ते झाडाखाली खुर्चीवर बसलेले असायचे, इशारा कुणाला दिसायचाच नाही.

खेळणं सुटलं, पण शाळेतल्या मुलींना शिकवते. वॉक द्यायची वेळ माझ्यावरही येते, कधी कधी द्यावाच लागतो, सामना हातात ठेवायचा असतो. तेव्हा मी रेषेपर्यंत पुढे जाते आणि दोन्ही हात वर करून सगळ्यांना दिसेल असा इशारा करते. पालक ओरडतात. ओरडू देत, माझ्यावर ओरडतात.